गोझोच्या ब्लू होलमध्ये पहिली डाइव्ह: आधी वारा बघा, मग पाणी

माल्टाच्या वायव्येला गोझो हे छोटं बेट आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, सान लॉरेन्झ गावाच्या खाली, द्वेय्राचा किनारा लागतो. इथे वाळू नाही. चुनखडीचा धारदार, खडबडीत खडक थेट समुद्रात उतरतो आणि त्या खडकातच सुमारे 10 मीटर रुंदीचं एक नैसर्गिक कुंड आहे. कुंडाचा तळ 15 मीटरच्या आसपास आहे. समुद्राकडच्या भिंतीत, पाण्याखाली 7-8 मीटरवर एक मोठी कमान आहे. तिच्यातून बाहेर पडलं की समोर मोकळा भूमध्य समुद्र. या जागेला ब्लू होल म्हणतात, आणि युरोपात डायव्हिंग करणारी बरीच मंडळी कधी ना कधी इथे येतात.

2017 आधीचे फोटो पाहिलेत तर कुंडाच्या शेजारी दगडाची एक भव्य खिडकी दिसेल. ती अझ्यूर विंडो. 8 मार्च 2017 रोजी वादळात ती कोसळली. तिचे घराएवढे तुकडे आता पाण्याखाली आहेत आणि त्यांच्यातून पोहणं ही एक वेगळी डाइव्ह झाली आहे. सुरुवातीला पांढरेफटक दिसणाऱ्या त्या दगडांवर आता शेवाळ धरलं आहे, मासे वस्तीला आले आहेत.

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात एकदा पाण्याखाली जाऊन आलेले, आणि आता युरोपच्या सहलीत गोझो जोडायचा विचार करणारे लोक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. या जागेची बहुतेक माहिती पाण्याखालच्या सौंदर्याबद्दल असते. मला त्याआधीच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. ब्लू होलची डाइव्ह पाण्यात अवघड नाही. अवघड आहे ते खडकावरून पाण्यात जाणं आणि त्याच खडकावर परत येणं. आणि ते किती अवघड जाणार, हे त्या दिवशीचा वारा ठरवतो.

घरून निघण्याआधी

मालवणला किंवा गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला जी डाइव्ह बहुतेक पर्यटक करतात, तिच्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो आणि हवेचं, तरंगण्याचं सगळं तोच सांभाळतो. पुढे ओढ लावणारा तो अनुभव छानच असतो, पण त्याचा फोटो किंवा सहभागाचं प्रमाणपत्र म्हणजे डायव्हरचा परवाना नव्हे. ब्लू होलमधून कमानीबाहेर जायचं तर किमान ओपन वॉटर दर्जाचा कोर्स पूर्ण असायला हवा. त्यावर साधारण 18 मीटरपर्यंत जाता येतं. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स असेल तर 30 मीटर.

कोर्स कुठे करावा? तीन-चार दिवसांचा तो कोर्स पूर्णपणे गोझोत करता येतो. पण सुट्टीचे मोजके दिवस थिअरीत आणि पूलमध्ये घालवणं मला पटत नाही. थिअरी ऑनलाइन आणि पूलचे धडे पुण्या-मुंबईत उरकून घ्या, तिथल्या संस्थेकडून रेफरलचं पत्र घ्या आणि उघड्या समुद्रातल्या शेवटच्या चार डाइव्ह गोझोत करा. गोझोतल्या सेंटरला आधी मेल करून हे त्यांना चालतं ना, एवढं विचारून ठेवा. कोर्स आधीच झालेला असेल पण वर्षभरात पाण्यात उतरला नसाल, तर पहिल्या दिवशी रिफ्रेशर, म्हणजे उजळणीची डाइव्ह मागा. सेंटरने सुचवायची वाट बघू नका.

तब्येतीचं काम भारतातच करा. डायव्हिंगच्या वैद्यकीय प्रश्नावलीत दमा, हृदयविकार, फिट्स, मधुमेह, कानाच्या तक्रारी, अलीकडची शस्त्रक्रिया, नेहमीची औषधं असे प्रश्न असतात. यांतल्या एखाद्या प्रश्नाला 'हो' उत्तर असेल तर बहुतेक वेळा डॉक्टरांच्या सहीचं पत्र लागतं. ते गोझोत पोहोचल्यावर मिळवायचं म्हणजे एक दिवस आणि बरेच युरो जातात. म्हणून फॉर्म आधी मागवून घ्या, घरीच भरा, आणि गरज असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा. डाइव्ह चुकू नये म्हणून खोटं 'नाही' लिहू नका. फुप्फुसात अडकलेली हवा वर येताना प्रसरण पावते आणि जमिनीवर किरकोळ वाटणारा दमा तिथे जिवावर बेतू शकतो.

माल्टा 2007 पासून शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा. या विम्यात स्कूबा डायव्हिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, यांचा वेगळा विमा काढला तर उत्तम. डायव्हिंगच्या अपघातानंतर दाबकक्षात, म्हणजे जास्त दाबाच्या बंद खोलीत, करावे लागणारे उपचार फार महाग असतात. माल्टाच्या मातेर देई रुग्णालयात असा दाबकक्ष आहे. कुठल्याही आणीबाणीसाठी तिथे 112 हा क्रमांक.

कधी जावं

माल्टाच्या आसपास फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी 15 अंशांपर्यंत थंड होतं आणि ऑगस्टमध्ये 26-27 अंशांपर्यंत चढतं. आपल्याला कोकणचं कोमट पाणी ठाऊक असतं, त्यामुळे हे आकडे गंभीरपणे घ्या. 15 अंशांत दहा मिनिटांत बोटं बधिर होतात आणि थंडीने कुडकुडणारा माणूस दुप्पट हवा ओढतो.

माझ्या मते नवख्यांसाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा सर्वांत चांगला काळ. उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून ऊब धरून असतं, गर्दी ओसरलेली असते. ऑक्टोबर सरता सरता वादळं सुरू होतात, म्हणून त्याहून उशिरा जाऊ नका. जूनही चांगला, फक्त पाणी 21-22 अंशांचं. मे महिना भारतीय सुट्ट्यांना सोयीचा पडतो. पण पाणी तेव्हा 18-19 अंशांच्या आसपास असतं, तेव्हा जाड सूट घ्यायची तयारी हवी. ऑगस्टमध्ये पाणी सुंदर असतं, पण खडकावर माणसंच माणसं, पाण्यावर बोटीच बोटी, आणि सूट घालून उन्हात चालताना जीव मेटाकुटीला येतो.

उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट: वर 26 अंश असलं तरी खाली 20 मीटरच्या सुमारास पाणी एकदम काही अंशांनी थंड होऊ शकतं. हा बदल हळूहळू होत नाही, एका रेषेवर होतो, आणि ती रेषा पाण्यात थरथरताना डोळ्यांना दिसतेही. म्हणून ऑगस्टमध्येसुद्धा 5 मिलिमीटरचा पूर्ण लांबीचा वेटसूट घ्या. मे-जूनमध्ये 7 मिलिमीटर आणि हुड.

वारा वाचायला शिका

कोकणात समुद्रावर जाणारा माणूस आधी भरती-ओहोटी विचारतो. आपल्याकडे पाणी दोन-तीन मीटर चढतं-उतरतं आणि सगळं वेळापत्रक त्यावर बसतं. माल्टात भरती-ओहोटीचा फरक वीतभरच. तिथे सगळा खेळ वाऱ्याचा आणि त्याने उठवलेल्या लाटांचा.

द्वेय्रा पश्चिमेकडे उघडी आहे. त्यामुळे वायव्येचा वारा, ज्याला तिथले लोक मय्यिस्त्राल म्हणतात, तो सुटला की ब्लू होल संपलं. पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा वाराही तसाच. पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वारा असेल तर बेटाची जमीनच आडोसा देते आणि द्वेय्राचं पाणी शांत राहतं. मात्र वारा पडला म्हणजे समुद्र लगेच शांत झाला, असं नसतं. दूर कुठेतरी झालेल्या वादळाच्या लांब लाटा वारा नसलेल्या निरभ्र सकाळीही येऊन धडकतात, आणि फसगत नेमकी अशाच दिवशी होते. म्हणून अंदाज बघताना वाऱ्याची दिशा आणि वेग यांच्याबरोबर लाटेची उंची, तिची दिशा आणि दोन लाटांमधला वेळ हेही बघा. तोही बघा मागच्या दोन दिवसांपासूनचा.

गोझोचं भाग्य असं की बेट लहान आहे. एक बाजू खवळली तर दुसरी बहुधा शांत असते. वायव्येचा वारा असेल तर दक्षिणेला इमजार इश-शिनीची अरुंद खाडी किंवा शात्त ल-अहमरचा किनारा. दक्षिणेचा वारा असेल तर उत्तरेला श्वेय्नी किंवा रेक्का पॉइंट. तिथली डाइव्ह सेंटर्स रोज सकाळी वारा बघूनच जागा ठरवतात. 'मला फक्त ब्लू होलच करायचं आहे' असा हट्ट धरून एकच दिवस हातात ठेवून जाऊ नका. चार दिवस ठेवले तर त्यातला एखादा तरी ब्लू होलचा निघायची शक्यता चांगली.

पहिली डाइव्ह तर कुठल्यातरी आडोशाच्या, उथळ खाडीतच करा. नवा सूट, नवं सिलिंडर, नवं पाणी यांची सवय तिथे होऊ द्या. चांगला प्रशिक्षक स्वतःच हे सुचवेल. थेट ब्लू होलला न्यायला तयार असलेल्यापेक्षा तुमची लॉगबुक, म्हणजे आधीच्या डाइव्हची नोंदवही, मागणारा आणि दोन प्रश्न जास्त विचारणारा माणूस निवडा.

शिसं किती?

भूमध्य समुद्राचं पाणी जास्त खारट असतं. तिथे एक किलो पाण्यात 38 ग्रॅमच्या आसपास मीठ, आपल्या अरबी समुद्रात कोकणापुढे साधारण 35-36. 'खारट पाण्यामुळे जास्त शिसं (खाली जाता यावं म्हणून अंगावर बांधायचं वजन) लागतं' असं सगळे सांगतात. गणित केलं तर माणूस आणि सामान मिळून 100 लिटर जागा व्यापत असतील तर या फरकासाठी पाव किलोच वजन वाढतं. खरा फरक पडतो तो जाड वेटसूटमुळे. मालवणला पातळ सूटमध्ये 4 किलोवर बुडणारा माणूस 7 मिलिमीटरच्या सूटमध्ये त्याच वजनावर बुचासारखा वर राहतो. पूलमध्येच शिकला असाल तर गोड्या पाण्यातून इथे येताना मिठाचेही अडीच-तीन किलो धरावे लागतात.

उलट बाजूने, माल्टात बहुतेक ठिकाणी 12 लिटरची पोलादी सिलिंडर मिळतात. भारतात आपण वापरतो ती बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. हवा संपत आली की ती तरंगू लागतात. पोलादी सिलिंडर रिकामं होतानाही जड राहतं, म्हणून तेवढं शिसं कमी लागतं. एकूण हिशेब तोंडी सांगता येत नाही, तो पाण्यातच करायचा: उथळ जागी उभे तरंगा, बीसीडीतली, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमधली, हवा पूर्ण सोडा, अर्धा श्वास धरा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं आणि श्वास सोडल्यावर हळू खाली गेलात, तर वजन बरोबर. ही तपासणी पहिल्या दिवशी करा आणि आकडा लिहून ठेवा.

खडकावर

गाडी द्वेय्राच्या पार्किंगमध्ये लावून सामान तिथेच चढवतात आणि खडकावरून काही मिनिटं चालत जातात. अंगावर सगळं मिळून 25-30 किलो असतं. आधी सिलिंडर न घेता एकदा चालत जाऊन कुंड आणि समुद्र बघून या. हा फेरा अनेक जण आळसाने टाळतात. मी तो कधीच टाळू देणार नाही. कुंडाच्या काठावर पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहा. लाटा टोळीने येतात: पाच-सात लहान, मग दोन-तीन मोठ्या. कुंड आणि समुद्र यांच्यामध्ये खडकाचा एक उंबरठा आहे. मोठी लाट तो उंबरठा ओलांडून कुंडात पाणी लोटते आहे का, हे बघायचं. लोटत असेल तर आज जाऊ नका. आत जाणं जमेल, पण अर्ध्या-पाऊण तासाने थकल्यावर त्याच लाटेतून बाहेर यायचं असतं.

बूट जाड तळाचे हवेत. पातळ मोज्यांवर इथे निभाव लागत नाही: खडक सुरीसारखा आहे, पाण्याजवळ शेवाळाने निसरडा आहे आणि फटींत समुद्री अर्चिनचे काळे काटे आहेत. सूट कमरेपर्यंतच घालून चाला, वरचा भाग काठावर जाऊन चढवा. पाणी पिऊन निघा. उन्हाळ्यात घामाने पाणी कमी झालेल्या शरीराला डिकंप्रेशनचा त्रास (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होणं) लवकर होतो, असं डायव्हिंगचे डॉक्टर सांगतात.

काठावर दगडाची एक उथळ कड आहे. तिच्यावर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, बडीच्या, म्हणजे जोडीदार डायव्हरच्या, खांद्याचा आधार घेऊन फिन्स चढवायच्या. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा घ्यायची नळी, तोंडात, बीसीडीत थोडी हवा, आणि मगच कड सोडायची. बडीबरोबर सामानाची तपासणी त्याआधी झालेली हवी.

पाण्याखाली

कुंडातच सावकाश खाली जा. पहिल्या 5 मीटरमध्ये कानांवर सर्वांत जास्त ताण येतो, म्हणून दुखायची वाट न बघता दर मीटरला कान मोकळे करा. इथे घाई करायला कारणच नाही. भिंतींवर केशरी रंगाचे पेल्यासारखे प्रवाळ, फटींत लाल कार्डिनल मासे, नीट पाहिलं तर जांभळ्या-गुलाबी न्यूडिब्रँक्स, म्हणजे शंख नसलेल्या समुद्री गोगलगाई. तळाशी एक अंधारी गुहा आहे. टॉर्च, अनुभव आणि गाइड यांतलं काहीही कमी असेल तर तिच्या तोंडाशीच थांबा.

कमानीतून जाताना समुद्राचा श्वास जाणवतो: पाणी पुढे ओढतं, मागे ढकलतं. त्याच्याशी भांडू नका. पाणी उलट येत असताना नुसते स्थिर राहा, आपल्या दिशेने वाहू लागलं की फिन्स मारा. भिंतीला हात लावायचा नाही. प्रवाळ मोडतं आणि विंचू मासा दगडावर दगड होऊनच बसलेला असतो.

कमानीबाहेर आलात की पाण्याची पारदर्शकता अंगावर येते. 25-30 मीटरपर्यंत स्वच्छ दिसणं इथे नेहमीचं. माल्टात बारमाही नदी नाही, गाळ येत नाही, आणि भूमध्य समुद्राच्या या भागात पोषकद्रव्यं कमी असल्याने पाण्यात प्लँक्टनही विरळ. कोकणच्या किनाऱ्याला नद्या गाळ आणतात, पाण्यात खाद्य भरपूर असतं, म्हणून तिथे गढूळपणाही आणि मासळीही.

या स्वच्छ पाण्यात एक धोका आहे आणि नवख्यांना तो कोणी पुरेसा बजावून सांगत नाही. मालवणला खोली वाढली की अंधारतं, माणूस आपोआप सावध होतो. इथे 30 मीटरवरही इतका उजेड असतो की 12 मीटरवर आहोत असं वाटतं, आणि बाहेरची भिंत तर 40 मीटरच्याही खाली जाते. पायाखाली तळ नाही. एखाद्या हेकरूच्या मागे नजर लावून जाताना कधी 22 मीटर झाले कळत नाही. खोली डोळ्यांनी ठरवू नका, मनगटावरच्या कॉम्प्युटरवर ठरवा. भिंत नेहमी एका बाजूला, हाताच्या अंतरावर ठेवा आणि ठरलेल्या खोलीच्या खाली एक मीटरही जाऊ नका.

हवेचा हिशेबही या जागेचा वेगळा आहे. बाहेर पडायची वाट म्हणजे तीच कमान; समुद्रातच वर आलात तर समोर खडकाची भिंत आणि लाटा असतात. सिलिंडरमध्ये 200 बार (हवेच्या दाबाचं माप) घेऊन सुरू केलं तर 120 च्या सुमारास परत फिरायचं, म्हणजे कुंडात शिरताना 70-80 शिल्लक राहतात. 10 मीटरवर हवा पृष्ठभागाच्या दुप्पट वेगाने संपते, 20 मीटरवर तिप्पट. खोलवर हवेचा काटा झरझर उतरताना दिसला तर घाबरू नका, वर उथळ जागी या. मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही. 5 मीटरवर तीन मिनिटांचा थांबा कुंडाच्या भिंतीशी करा. मोकळ्या समुद्रात करायच्या थांब्यापेक्षा हा कितीतरी सुखाचा असतो, आणि सूर्य माथ्यावर असेल तर त्या वेळी कमानीतून येणारा निळा प्रकाश बघत तीन मिनिटं कुठे जातात कळत नाही.

तरीही एसएमबी, म्हणजे पाण्याखालून वर सोडायचा नारिंगी फुगा, जवळ असू द्या आणि तो सोडायचा सराव आधी खाडीत करा. वाट चुकून बाहेर वर यावं लागलं तर बोटींना तुम्ही दिसायला हवं. जवळच्या इनलँड सी या खडकांमागच्या खाऱ्या तळ्याच्या बोगद्यातून तर पर्यटकांच्या बोटी सतत ये-जा करतात. तो 80 मीटरचा बोगदा डायव्हर्सनाही खुणावतो, पण पहिल्या भेटीत त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणाला हात लावू नये

कशालाच नाही. पण काहींची नावं ठाऊक असावीत. पेलाजिया हा जांभळट छोटा जेलीफिश वारा किनाऱ्याकडे असला की थव्याने येतो. दंश झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी, व्हिनेगर, चोळणं तिन्ही टाळा. पांढऱ्या केसांचा फायरवर्म दिसायला देखणा असतो, पण त्याचे केस कातडीत मोडतात. ते चिकटपट्टीने उपटावे लागतात. विंचू माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं.

वाळूच्या पट्ट्यांत पोसिडोनिया गवताची हिरवी कुरणं दिसतील. ते फक्त भूमध्य समुद्रात वाढतं आणि वाढायला फार वेळ घेतं. त्यावर फिन्स आपटू नका. त्याच कुरणांत पूर्वी पिन्ना नावाचे हातभर लांब शिंपले उभे असत. 2016 पासून एका परजीवीने त्यांचा भूमध्य समुद्रभर जवळजवळ नायनाट केला आहे. जिवंत दिसला तर सेंटरला जागा सांगा, त्याला स्पर्शही करू नका.

बाहेर येणं आणि परतीचा हिशेब

कुंडातून बाहेर पडताना लाटांची मोठी टोळी जाऊ द्या, मग कडेकडे या. गुडघे टेकून फिन्स काढा, पण दोन्ही पाय कोरड्या खडकावर स्थिर होईपर्यंत मास्क आणि रेग्युलेटर काढू नका. लाटेने लोटलंच तर तोंडात हवा असेल आणि डोळ्यांना दिसत असेल.

मुंबईहून माल्टाला थेट विमान नाही. दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरामार्गे जावं लागतं. विमानतळ माल्टा बेटावर आहे. तिथून चिरकेव्वा बंदर, मग गोझोच्या इमजार बंदरापर्यंत साधारण 25 मिनिटांची फेरी. परतीच्या विमानाआधी शेवटच्या डाइव्हपासून किमान 18 तास, मी तर म्हणेन पूर्ण 24 तास, पाण्याबाहेर राहा. अंगात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे होऊन त्रास देतो. तो कोरडा दिवस गंतिजाच्या मंदिरांसाठी ठेवा. पाच हजार वर्षांहून जुने ते दगड गोझोच्या मुख्य शहरापासून, व्हिक्टोरियापासून, जवळच आहेत.

आणि त्याच संध्याकाळी लॉगबुक भरा. वाऱ्याची दिशा, पाण्याचं तापमान, सूटची जाडी, सिलिंडर पोलादी की अ‍ॅल्युमिनियम, किती किलो शिसं, किती बारला परत फिरलात. पुढच्या वेळी थंड पाण्यात उतरताना सेंटरवाला 'शिसं किती?' हाच प्रश्न सर्वांत आधी विचारेल.